रोज ध्यानाला बसायचं तर आधी घराचं वेळापत्रक मांडा

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलं कुणी ना कुणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतं. १९७६ पासून तिथे शिबिरं चालू आहेत, फी नाही, आणि शिस्त कडक. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, मोबाइल सुरुवातीलाच जमा, बोलणं बंद. परतताना सांगितलं जातं की घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग पाहुणे येतात, ऑफिसात मार्च एंड लागतो, पोराला ताप येतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बसायची उशी माळ्यावर जाते. वर ‘माझ्यात चिकाटीच नाही’ हा शिक्काही माणूस स्वतःच स्वतःवर मारून घेतो.

मला हे निदान पटत नाही. शिबिरात घंटा दुसरं कुणीतरी वाजवतं, जेवण दुसरं कुणीतरी शिजवतं, फोन दुसऱ्याच्या कपाटात असतो. घरी यातलं काहीच नसतं. ध्यानाची क्रिया पाच मिनिटांत शिकता येते. कुकर, पाणी, स्कूल व्हॅन आणि सासूबाईंच्या औषधांच्या वेळा यांच्यामध्ये त्याला जागा काढणं हे खरं काम आहे. म्हणून या लेखात क्रियेपेक्षा घराबद्दल जास्त लिहिलं आहे. शिबिर केलेलं नसलं तरी काही अडत नाही.

आधी कागद घ्या, आसन नंतर

दोन दिवस फक्त नोंद करा. आपल्या घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत कशाला किती वाजतात? नळाला पाणी कधी येतं, दूधवाला कधी बेल वाजवतो, कचऱ्याची गाडी कधी येते, डबे किती वाजता भरून व्हावे लागतात, बाथरूमला नंबर कुणाचा कधी, कामाच्या मावशी कधी येतात. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, दोन्हींची नोंद ठेवा, कारण बहुतेक सवयी रविवारी मोडतात.

आता या कागदावर अशी जागा शोधा जिथे पंधरा मिनिटं तुम्हाला कुणी हाक मारत नाही. बसायचं पाचच मिनिटं आहे, पण मागेपुढे सैलपणा हवा. बऱ्याच घरांत चार जागा निघतात.

पहिली, दात घासल्यावर आणि चहाच्या आधी. माझं मत विचाराल तर हीच सगळ्यांत भक्कम. पोट रिकामं असतं, फोन अजून हातात आलेला नसतो, आणि दात घासणं कुणी विसरत नाही.

दुसरी, सगळे आपापल्या कामाला गेल्यावर. घरी राहणाऱ्या गृहिणींना आणि निवृत्त मंडळींना ही सोयीची. धोका एवढाच की ‘आधी एवढी भांडी आवरते आणि मग बसते’ असं म्हटलं की ते ‘मग’ दुपारच्या जेवणापर्यंत लांबतं. त्यामुळे दार लावलं की थेट बसायचं, ओट्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तिसरी, दिवेलागणीला. देवापाशी दिवा लावायची रीत असेल तर दिवा लावून तिथेच बसावं. सवय आधीच रुजलेली आहे, तिला फक्त पाच मिनिटांची शेपटी जोडायची.

चौथी, झोपण्यापूर्वी. ही मी शेवटचा पर्याय म्हणून सांगतो. दिवसभर दमलेलं शरीर डोळे मिटताच झोपेकडे वळतं. झोप चांगली लागते यात शंका नाही, पण ध्यान होत नाही.

लोकलमध्ये बसायला मिळत असेल, म्हणजे गाडी जिथून सुटते तिथूनच तुम्ही चढत असाल, तर तीही जागा वाईट नाही. डोळे मिटलेल्या माणसाकडे लोकलमध्ये कुणी वळूनही बघत नाही. फक्त तुमचं स्टेशन यायच्या बऱ्याच आधी गजर लावा आणि बॅग मांडीवर घेऊन हात पट्ट्यात अडकवा.

जागा ठरली की ती घड्याळाला न बांधता एखाद्या कामाला बांधा. ‘सकाळी सहाला बसेन’ हा बेत सव्वासहाला जाग आली की संपतो. ‘ब्रश जागेवर ठेवला की बसेन’ हा बेत उशिरा उठल्यावरही टिकतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्स, पोलीस, कारखान्यातले कामगार यांना तर दुसरा मार्गच नाही. त्यांची सकाळ कधी दुपारी तीनला होते, पण उठल्यावर तोंड धुणं चुकत नाही.

पाचच मिनिटं, आणि तीही मोजून

सुरुवात किती वेळाने करावी यावर माझा हट्ट आहे: पाच मिनिटं. वीस नको, ‘जमेल तितकं’ तर अजिबात नको. किती वेळ हे मोघम ठेवलं की रोज सकाळी मनाशी घासाघीस सुरू होते आणि त्या घासाघिशीतच दमायला होतं. वेळ ठरवायची कसोटी सोपी आहे. वर्षातला सगळ्यांत धावपळीचा दिवस आठवा, घरी गणपती यायची सकाळ म्हणा. त्या दिवशीही निभेल तेवढाच वेळ धरायचा.

दोन-तीन आठवडे पाच मिनिटं सहज झाली की सात, मग दहा. गजर झाल्यावर ‘इतक्यात झालं?’ असं आठवड्यातून तीन-चारदा वाटलं तरच पुढची पायरी चढा. पंधरा-वीस मिनिटांवर बहुतेकांचं गाडं स्थिरावतं आणि तेवढं पुरेसं आहे. एक तास बसायची ओढ आपोआप लागली तर बसा, पण ते ध्येय म्हणून भिंतीवर चिकटवू नका.

बसायचं कसं

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांतच केली आहे, स्थिरसुखमासनम्. स्थिर हवं आणि सुखाचंही हवं. पद्मासनाची सक्ती त्यात कुठेही नाही.

जमिनीवर बसत असाल तर सतरंजीवर एखादी गोधडी किंवा चादर चौघडी करून घ्या आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर आली की पाठ आपोआप सरळ राहते. साधी मांडी पुरते. गुडघे जमिनीपासून फार वर राहत असतील तर त्यांच्याखाली उशी सरकवा. पाठ भिंतीला टेकवायची असेल तर कंबरेमागे छोटी उशी ठेवा, नाहीतर माणूस हळूहळू घसरत निम्मा आडवा होतो.

गुडघे दुखतात, शस्त्रक्रिया झाली आहे, वय झालं आहे? मग खुर्ची घ्या. जेवणाच्या टेबलाची हात नसलेली लाकडी खुर्ची चांगली, सोफा नको. दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली हवीत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. खुर्चीवरचं ध्यान कमी प्रतीचं असतं हा समज कुठून आला कोण जाणे. धम्मगिरीतसुद्धा गरजूंना खुर्ची मिळते.

हात मांडीवर, खांदे सैल, हनुवटी किंचित आत, डोळे मिटलेले. जिथे रात्री झोपता त्या पलंगावर बसू नका. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नका. आणि डासांची सोय आधी करा. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात संध्याकाळी बसणाऱ्यांची निम्मी बैठक डासच मोडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांवर पातळ पांघरूण एवढं पुरतं.

पायाला मुंग्या आल्या की लोक घाबरतात. मांडीत नसेवर दाब आला की तसं होतं. सावकाश पाय बदला. बसून झाल्यावर पाय बधिर वाटत असेल तर तो पूर्ण मोकळा होईपर्यंत उठू नका, विशेषतः ज्येष्ठांनी. त्या घाईत पडून हाड मोडण्याची भीती असते.

त्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं

फोन एरोप्लेन मोडवर टाका, सौम्य आवाजाचा गजर लावा आणि फोन हाताला लागणार नाही इतका दूर, पालथा ठेवा. फोन नकोच असेल तर स्वयंपाकघरातला टायमर चालेल. गॅसवर दूध ठेवून बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण ‘पाचच मिनिटं तर आहेत’ हा मोह फार जणांना होतो.

सुरुवातीला तीन श्वास मुद्दाम लांब घ्या, आणि सोडताना आणखी सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे लांब निःश्वासाने शरीर निवायला मदत होते. त्यानंतर श्वासाला हात लावायचा नाही. तो जसा चालला आहे तसा चालू द्यायचा.

आता लक्ष नाकपुड्यांच्या कडेवर न्या, जिथे आत जाणारी हवा गारसर आणि बाहेर येणारी किंचित कोमट जाणवते. सर्दीने नाक बंद असेल तर बेंबीच्या वरच्या पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. श्वास सुटला की मनात ‘एक’, पुढचा सुटला की ‘दोन’. दहापर्यंत जायचं आणि परत एकवर यायचं. आकडा हरवला? एकपासून सुरू करा. मोजता मोजता चौदा-पंधरावर पोहोचलात? तेही हरवणंच आहे, परत एक.

तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन वीजबिलावर जाईल, तिथून चुलत भावाच्या लग्नावर, तिथून कालच्या भांडणात न सुचलेल्या उत्तरावर. बहुतेक नवखे इथेच खचतात आणि म्हणतात, ‘मला ध्यान लागतच नाही.’ मन भटकतंच. ते भटकलं आहे हे ज्या क्षणी ध्यानात येतं तो क्षण आणि तिथून श्वासावर परत येणं, एवढाच हा व्यायाम. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला परत आणावं असंच सांगितलं आहे. ते धावणारच नाही असं आश्वासन तिथेही कुणी दिलेलं नाही. पाच मिनिटांत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा व्यायाम झाला. परतताना स्वतःवर चिडायचं मात्र नाही, कारण तो राग म्हणजे आणखी एक विचार असतो आणि तो पुढची दोन मिनिटं खातो.

खाज सुटली तर दोन-तीन श्वास तिच्याकडे नुसतं बघा. बऱ्याचदा विरते. नाही विरली तर खाजवा आणि परत या. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडून समोर हातभर अंतरावरच्या जमिनीवर नजर ठेवा. रोजच झोप येत असेल तर प्रश्न ध्यानाचा नाही, रात्रीच्या झोपेचा आहे. आधी ती पुरी करा.

बाहेरचा आवाज थांबण्याची वाट बघत बसू नका. शेजारच्या घरातली ड्रिल मशीन, मंदिराचा भोंगा, वरच्या मजल्यावरची पोरं, हे राहणारच. आवाज आला, ऐकला, परत आकडा. संपूर्ण शांतता मिळेल तेव्हाच बसेन म्हणणाऱ्याला डोंबिवलीत काय, आंबोलीतही बसता येणार नाही. तिथे बेडूक असतात.

गजर झाला की ताडकन उठू नका. पाच-सहा श्वास डोळे मिटूनच राहा, मग हालचाल.

श्वास मोजणं अनेकांना कोरडं वाटतं. ज्यांच्या घरात नामस्मरणाची परंपरा आहे त्यांनी श्वास सोडून नाम धरलं तर बिघडलं काहीच नाही. १०८ मण्यांची माळ हा टायमरच आहे, आणि गजर न वाजवणारा. पण आज श्वास, उद्या माळ, परवा यूट्यूबवरचं मार्गदर्शित ध्यान असं करू नका. निदान दोन महिने एकच धरून ठेवा.

घरच्यांना सांगायचं की नाही

सांगायचं, पण घोषणा करायची नाही. ‘उद्यापासून मी ध्यान करणार’ असं जेवताना जाहीर केलं की चौथ्या दिवशी बसला नाहीत तर टोमणे ठरलेले. ‘ब्रश झाल्यावर पाच मिनिटं मला हाक मारू नका’ एवढं सांगितलं की झालं. पाच मिनिटं कुणीही देतं. वीस मागितलीत तर घरात चर्चा होईल.

लहान मुलं येणारच. मांडीत येऊन बसलं तर बसू द्या, बाळाचा श्वास मोजा. चार-पाच वर्षांच्या मुलाला शेजारी बसायचं असेल तर बसवा आणि दहा श्वास झाले की सोडून द्या. त्याला धरून ठेवलंत तर दोघांचीही बैठक जाईल.

एकत्र कुटुंबात सुनेला सकाळी पाच मिनिटं बसणं अजूनही सोपं नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुरुष बसला तर ती साधना आणि बाई बसली तर ‘कामं पडलीत आणि ही डोळे मिटून बसली’ असं ऐकवणारी घरं आहेत. अशा घरात एकटीने चोरून बसण्यापेक्षा सासूबाईंनाच ‘आई, तुमच्या जपाच्या वेळी मीही शेजारी बसते’ म्हणावं. पुष्कळदा हा मार्ग चालून जातो.

खाडे मांडा

सवयीचे ॲप सलग दिवसांची साखळी दाखवतात. चाळीस दिवस झाले आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, आणि त्या शून्याच्या रागाने माणूस सगळंच सोडतो. आपल्याकडे याहून शहाणी पद्धत भिंतीवर टांगलेली आहे. कॅलेंडरवर आपण दूध आलं त्या दिवशी खूण करत नाही. आलं नाही त्या दिवशी खाडा मांडतो. ध्यानाचंही तसंच करा. बसलात तो दिवस कोरा, चुकला त्या तारखेवर छोटी फुली. महिनाअखेर चार फुल्या दिसल्या तर सव्वीस-सत्तावीस दिवस बसलात हे आपोआप कळतं.

नियम एकच: लागोपाठ दोन खाडे नकोत. एका खाड्याने फारसं बिघडत नाही, हे अभ्यासातही दिसलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या निबंधात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, पण कुणाला १८ पुरतील आणि कुणाला २५४ लागतील एवढा फरक माणसामाणसांत होता. मधला एखादा दिवस हुकल्याने मोठा फटका बसला नाही. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर ते नापास झाल्याचं लक्षण नाही.

लग्नघर, प्रवास, आजारपण, दवाखान्यातली रात्र, अशा दिवसांसाठी एक छोटी आवृत्ती ठेवा: दहा श्वास, कुठेही. एसटीच्या सीटवर, पाहुण्यांच्या घरी बाथरूमचा नंबर लागेपर्यंत, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर. दहा श्वास झाले तर तो खाडा धरायचा नाही.

काय मिळतं, काय मिळत नाही

पहिल्या महिन्यात बहुधा काहीच ‘दिसत’ नाही. प्रकाश नाही, तरंगणं नाही, गहिवर नाही. झालाच तर असा बदल होतो: कुणी खोचक बोललं आणि उत्तर ओठांवर आलं, पण ते बाहेर पडायच्या आधी आपल्याला दिसलं. तुमच्याआधी हा बदल घरच्यांच्या लक्षात येण्याची शक्यता जास्त.

वैद्यकीय पुराव्यांचं चित्रही असंच माफक आहे. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजार लोकांचा, आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. व्यायाम किंवा औषधं यांसारख्या उपचारांहून ध्यान सरस आहे असा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणून ध्यान सुरू केलं या आनंदात बीपीची, साखरेची किंवा मानसोपचाराची गोळी परस्पर बंद करू नका.

काही जणांना डोळे मिटून बसल्यावर उलट त्रास होतो. जुना आघात वर येतो, छाती धडधडते, आपण आपल्यात नाही असं वाटतं. अशा वेळी ‘सहन करा, शुद्धी होते आहे’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, उठून चाला. पुन्हा पुन्हा तसं होत असेल तर बसणं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा तीव्र नैराश्याचे झटके येऊन गेले असतील तर दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज भरण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि अर्जात ते लपवू नका.

शिबिराला कधी जावं? माझ्या मते घरी दोन-तीन महिने पाच-दहा मिनिटं टिकली की. तेव्हा परतल्यावर काय वाढवायचं आणि कुठे, याची जागा घरात आधीच तयार असते. आणि दोन वेळा एक-एक तास जमलं नाही तर शून्यावर येऊ नका, आधीच्या दहा मिनिटांवर या.

शेवटचं काम जून महिन्यात. शाळा सुरू झाल्या की घराचं सगळं वेळापत्रक बदलतं: व्हॅन लवकर येते, डब्यांची संख्या बदलते, अंघोळीचे नंबर सरकतात. मे महिन्यात छान चाललेली बैठक तेव्हा मोडू लागली की पुन्हा दोन दिवस कागद घेऊन बसा आणि नवी जागा शोधा. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोकरी बदलल्यावर, घरात बाळ किंवा आजारी माणूस आल्यावरही हेच.